एक तृतीयांश बोट

मुंबईत आपली शिडाची बोट आहे असं चारचौघांत निघालं की समोरचा माणूस जरा गप्प होतो आणि मनातल्या मनात माझ्या नवऱ्याचा पगार मोजायला लागतो. यॉट म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर पांढरंशुभ्र, तीनमजली काहीतरी उभं राहिलेलं असतं, त्याच्या डेकवर गाणी लागलेली असतात. मग मी सांगते की बोट 21 फुटी आहे, लाकडाची आहे, वयानं माझ्याहून मोठी आहे, तिच्यात उभं राहता येईल अशी केबिन नाही, संडास तर नाहीच नाही. आणि मी तिची फक्त एक तृतीयांश मालकीण आहे. उरलेले दोन हिस्से एका निवृत्त बँक अधिकाऱ्याचे आणि एका दातांच्या डॉक्टरचे. एवढं ऐकल्यावर पगाराचा हिशेब थांबतो आणि नवा प्रश्न येतो, “मग घेतलीच कशाला?”

याला माझ्याकडे धड उत्तर नाही आणि ते शोधायच्या भानगडीत मी पडलेही नाही. हौसेला कारण विचारू नये. मला सांगायचंय ते वेगळंच. मुंबईत यॉटिंग म्हणजे साहेबानं मागे ठेवलेली चीज असं समजलं जातं, आणि वरवर बघितलं तर ते खरंही आहे. अपोलो बंदरावरचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 सालचा. शर्यतींचे नियम, झेंडे, बोटींचे वर्ग, दोरीच्या गाठींची नावं, सगळं इंग्रजीतून आलेलं. पण त्याच किनाऱ्यानं थोडं दक्षिणेला चालत गेलात की 1875 सालचा ससून डॉक लागतो. तिथं सूर्य उगवायच्या आत लिलाव होऊन बर्फाच्या गाड्या सुटलेल्या असतात. धक्के दोन, पाणी एकच. पुस्तकांनी आणि क्लबातल्या शिक्षकांनी मला बोट चालवायला शिकवली हे मी नाकारत नाही. पण इतकी वर्षं ती तरंगत राहिली ती दुसऱ्या धक्क्याच्या माणसांमुळे. ही उधारी कुठल्याच ढालीवर कोरलेली दिसत नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

पहिली उधारी पंचांगाची. आम्हां तिघांत मिळून एक तांडेल आहेत, कुलाब्याच्या कोळीवाड्यातले. गेटवेसमोर पाण्यात बोया टाकलेला, त्याला बोट बांधलेली. मुंबईत बोट धक्क्याला लावून उतरून घरी जावं अशी सोय आमच्यासारख्यांना नाही, त्यामुळे आधी छोट्या होडीतून बोटीपर्यंत जायचं आणि मग निघायचं. हे ने-आण करणं, वादळवाऱ्यात बोट तिथंच आहे ना बघणं, आत साचलेलं पाणी उपसणं, सगळं तांडेलांकडे. सुरुवातीला मी भरती-ओहोटी मोबाइलवर बघायची. तांडेलांनी एकदा विचारलं, “ताई, आज तिथी कोणती?” मला सांगता येईना. ते म्हणाले, “तिथीची पाऊणपट करायची. चौथ असली तर तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. झालं.”

मी घरी येऊन गणित मांडून बघितलं. एका चांद्रमासात भरतीची वेळ सरकत सरकत पूर्ण चोवीस तास फिरून येते, आणि तिथ्या तीस. म्हणजे एका तिथीला 48 मिनिटं. तांडेलांची पाऊणपट म्हणजे 45. तीन मिनिटांची चूक रोज साठत जाते, म्हणून पुनवेला हिशेब सव्वाअकराचा येतो आणि पाणी प्रत्यक्षात बाराच्या आसपास भरतं. ही पाऊण तासाची तूट तांडेलांना माहीत आहे, “पुनवेला जरा थांबायचं” एवढंच ते म्हणतात. बॅटरी लागत नाही, रेंज लागत नाही.

आणि मुंबईत हे माहीत असावंच लागतं. गोव्याला पाणी साधारण दोन मीटर चढतं-उतरतं. इथं उधाणाला ते पाच मीटरच्या घरात जातं, कारण खंबायतच्या आखाताकडे जाताना समुद्र उथळ आणि अरुंद होत जातो आणि भरतीची लाट दाबली जाऊन उंच होते. पावसाळ्यात महापालिका ज्या भरतीचे इशारे देते तीच ही भरती. दुमजली घराएवढं पाणी सहा तासांत बंदरात येतं आणि पुढच्या सहा तासांत बाहेर जातं. वारा पडलेला असताना सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, धारेत सापडलात तर शीड उभारून, चेहऱ्यावर पूर्ण आत्मविश्वास ठेवून, तुम्ही सावकाश मागे मागे जाता. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, पाणी मऊ असतं. नवशिक्यांना आम्ही तेव्हा नेतो.

दुसरी उधारी मिस्त्रींची, आणि ती फार मोठी आहे.

आम्ही बोट घेतली तेव्हा ती बाहेरून सुंदर होती. जुन्या लाकडी बोटी बहुतेक सुंदरच दिसतात; रंग स्वस्त असतो. मे महिन्यात तिला ओढून बंदरापलीकडे करंज्याला नेली. उधाणाच्या भरतीला बोट लाकडी घोडीवर आणून उभी करायची, दोन्ही बाजूंना टेकू द्यायचे आणि पाणी उतरायची वाट बघायची. पाणी गेलं की बोट कोरडी उभी. क्रेनचा खर्च शून्य. मच्छीमारांच्या बोटी पिढ्यानपिढ्या अशाच वर येतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तो दुरुस्तीचाही हंगाम. आमची 21 फुटी बया त्या दांडग्या ट्रॉलरांच्या रांगेत उभी राहिली तेव्हा आजूबाजूची पोरं हसत होती.

मिस्त्री आले. हातात एक छोटी हातोडी आणि एक टोच्या. त्यांनी बोटीभोवती फिरत एकेक फळी वाजवायला सुरुवात केली. चांगलं लाकूड टणक आवाज देतं, कुजलेलं बद्द वाजतं. आवाज बदलला की टोच्या लावायचा. तो आत गेला की खडूनं खूण. आमचे डॉक्टर खाली उकिडवे बसून बघत होते. ते म्हणाले, “हे तर मी रोज करतो, फक्त माझा पेशंट ओरडतो.” संध्याकाळपर्यंत डावी बाजू खडूनं भरली होती.

गंमत अशी की कूज पाण्याखाली नव्हती. मला वाटलं होतं, समुद्रात बुडलेला भाग आधी खराब झाला असेल. पाण्याखालचा साग ठणठणीत होता. कुजलं होतं ते वर, डेकच्या कडेला, जिथं पावसाचं पाणी साचतं. लाकूड कुजवणारी बुरशी गोड्या पाण्यावर वाढते. खारं पाणी तिला मानवत नाही. खाऱ्या पाण्याचा शत्रू वेगळा, लाकूड पोखरणारा किडा, पण तो सागाला चटकन लागत नाही आणि तळाला वेळेवर विषारी रंग दिला तर जवळही येत नाही. तेव्हा मुंबईत लाकडी बोटीला समुद्रानं मारलं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तिला बहुतेक वेळा जुलैनं मारलेलं असतं. पावसात बोट झाकायची तीही घट्ट गुंडाळून नाही. दोन्ही टोकांना वारा खेळला पाहिजे.

मग आमच्यात तीन आठवडे चालेल असा वाद सुरू झाला: फायबर लावायचं की नाही. बँकवाल्यांचं म्हणणं सरळ होतं. सगळ्या फळ्यांवरून फायबरचं एक कातडं चढवून टाकू, एकदाच खर्च, नंतर कटकट नाही. आजूबाजूला सगळे तेच करत होते. आणि मिस्त्रींचं स्वतःचं पोट आता मुख्यतः फायबरवर चालतं, नव्या होड्या फायबरच्याच निघतात. त्यांनी हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. त्यांनी नाही म्हटलं.

कारणं त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितली, मधे दुसऱ्याची बोट बघायला उठून जात. आमच्या बोटीच्या फळ्या कडेला कड लावून वाकांवर ठोकलेल्या. वाक म्हणजे बोटीच्या बरगड्या, त्या खाली पठाणाला, म्हणजे बोटीच्या कण्याला, जोडलेल्या. अशी फळी पाण्यात फुगते, उन्हात आकसते. वर्षभर तिची हालचाल चालू असते. फायबर हलत नाही. दोन-तीन वर्षांत फायबर कुठेतरी सुटतं, त्या फटीतून पाणी आत जातं आणि बाहेर यायचा रस्ता बंद. “आत पाणी राहिलं ना ताई, मंग वरून सोनं लावा कितीपण.” कोरड्या, नव्या प्लायवर फायबर लावा, त्यांचं काही म्हणणं नाही. पण मुरलेल्या जुन्या फळ्यांवर लावलेलं फायबर म्हणजे विकायच्या आधी केलेलं काम, ठेवायच्या बोटीवर करायचं नव्हे.

बँकवाले हिशेबाला पक्के, पण ‘विकायच्या आधीचं काम’ या शब्दांवर त्यांचा विरोध संपला. मला वाटतं त्यांनी आयुष्यभर कर्ज देताना असलीच बांधकामं बघितली असणार.

फळ्या बदलायच्या ठरल्या. नवा साग महाग, आणि मिस्त्रींच्या मते नव्या सागात दम नसतो. म्हणून रे रोडच्या लाकूड बाजारात गेलो. मुंबईत जुनी इमारत पडली की तिच्या तुळया कुठं जातात याचा मी कधी विचार केला नव्हता. त्या तिथं येतात. शंभर वर्षं कुणाच्या तरी डोक्यावर छप्पर धरून उभा असलेला बर्मी साग, काळा पडलेला, चुन्याचे डाग असलेला. करवत लावली की आतून तेलकट पिवळा निघतो आणि सगळीकडे चामड्यासारखा वास सुटतो. अडचण एवढीच की अशा तुळईत जुने खिळे दडलेले असतात आणि ते करवतीचं पातं खातात. मिस्त्रींनी लोहचुंबक फिरवून फिरवून खिळे शोधले, तरी दोन पाती गेलीच. गिरगावातल्या कुठल्या तरी चाळीचं माळवद आता आमच्या बोटीच्या डाव्या बाजूला आहे. चाळ कोणती ते व्यापाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

फळी वाकाला ठोकायची ती तांब्याच्या खिळ्यानं. लोखंडी खिळा खाऱ्या ओल्या लाकडात गंजतो, फुगतो आणि आजूबाजूचं लाकूडही मारतो. तांब्याचा चौकोनी खिळा बाहेरून आरपार घालायचा. आतून त्यावर तांब्याचा वायसर बसवायचा, जास्तीचं टोक छाटायचं आणि उरलेलं हातोडीनं ठोकून वायसरवर पसरवायचं. हे एकट्याचं काम नाही. बाहेर एक जण खिळ्याच्या डोक्यावर जड लोखंड दाबून धरतो, आत दुसरा ठोकतो. आत शिरायला बारीक माणूस हवा, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. मेच्या उन्हात उलट्या नारळाच्या करवंटीएवढ्या जागेत पाठीवर पडून मी ठोकत होते आणि बाहेरून मिस्त्रींचा मुलगा सूचना करत होता. एकमेकांचं तोंड दिसत नाही, नुसत्या ठोक्यांवर बोलणं. दोनदा ठक म्हणजे पुढचा खिळा.

फळ्या बसल्यावर सांधे भरायचे. सुताचा, म्हणजे कापसाचा, सैल पीळ घेऊन बोथट छिन्नीनं फटीत ठोकत जायचं, वरून शेंदूर आणि अळशीच्या तेलात मळलेली पुट्टी. इथं मला मिस्त्रींचा हात कळला. मी ठोकलेला कापूस त्यांनी काढायला लावला. का, तर फार घट्ट झाला. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगणार; फुगायला जागाच ठेवली नाही तर त्या एकमेकींना ढकलून वाक मोडतील. म्हणजे काम चांगलं झालं असेल तर बोट पाण्यात उतरवल्यावर गळायलाच हवी. हे तोपर्यंत कुणी मला सांगितलं नव्हतं आणि स्वतःहून सुचणं शक्यच नव्हतं. गणपती आटोपल्यावर बोट पाण्यात गेली, पहिल्या रात्री चांगली गळली, मिस्त्रींचा मुलगा आणि तांडेल पंप घेऊन आळीपाळीनं जागे राहिले, आणि दोन दिवसांत फळ्या फुगून सांधे आपोआप बंद झाले.

बाकीचं सामान दारूखाना नावाच्या भंगार बाजारातून. मोडीत निघालेल्या जहाजांचं काय काय तिथं मिळतं: ब्राँझच्या कप्प्या, शॅकल, होकायंत्रं, कप्तानाच्या केबिनमधल्या खुर्च्या. नवीन परदेशी कप्पीच्या किमतीत तिथं मूठभर जुन्या येतात आणि त्या नव्याहून जाड असतात. फक्त ब्राँझ म्हणून पितळ गळ्यात मारतात, तेवढं सांभाळायचं. पितळातलं जस्त खाऱ्या पाण्यात हळूहळू निघून जातं आणि उरतं ते गुलाबी, ठिसूळ काहीतरी, ऐन वेळी मोडणारं. म्हणूनच तर बोटीखाली मुद्दाम जस्ताचा एक ठोकळा लावतात, की समुद्राला खायचंच असेल तर त्यानं तो खावा.

या सगळ्यात मला ‘सुहैली’ नावाची एक बोट सतत आठवत होती. एकट्यानं, कुठेही न थांबता, शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. 14 जून 1968 ला इंग्लंडच्या फॅलमथहून निघाला आणि 22 एप्रिल 1969 ला तिथंच परत आला, 312 दिवसांनी. ती शर्यतच होती; उतरलेले नऊ, पूर्ण करणारा हा एक. हे पुष्कळांना माहीत असतं. त्याची ती 32 फुटी सागवानी बोट मुंबईत बांधलेली होती, हे मात्र मी ज्या ज्या मराठी माणसाला सांगितलं तो चकित झाला. नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता, त्यानं ती इथल्या सुतारांकडून साठच्या दशकात बांधून घेतली आणि 1965 च्या शेवटी मुंबईहून हाकारली. प्रदक्षिणेच्या सुरुवातीलाच पठाणाजवळचा एक सांधा गळायला लागला. त्यानं भर समुद्रात पाण्याखाली बुड्या मारून फटीत कापूस ठोकला आणि वरून कॅनव्हास नि तांब्याची पट्टी मारली. करंज्याला मी पाठीवर पडून जे करत होते तेच, फक्त श्वास रोखून. पुढं कित्येक वर्षांनी त्यानं बोट पुन्हा उलगडली ती मुख्यतः लोखंडी खिळे काढून ब्राँझचे घालण्यासाठी. साग तसाच होता.

सागाचं मुंबईत हे नवं नाही. वाडियांनी इथं बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज 1817 मध्ये पाण्यात उतरलं आणि ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. इंग्रजांना ओकचा तुटवडा पडला तेव्हा मलबारचा साग आणि मुंबईचे सुतार कामी आले. जहाजांच्या इतिहासात वाडियांचं नाव आहे, आणि ते असायलाच हवं. टोच्या घेऊन फळ्या वाजवणाऱ्यांची नावं मात्र फारशी सापडत नाहीत. ‘सुहैली’चंही तसंच.

चालवण्याबद्दल थोडं. ऑक्टोबर ते मे आपल्याकडे दिवस ठरलेला असतो. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा, हलका, दहा-अकराला मरतो. मधे तासभर सगळे घामाघूम. मग दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होतो आणि चार वाजेपर्यंत पाण्यावर पांढरे तुरे दिसायला लागतात. गेटवेहून मांडवा आग्नेयेला, साधारण आठ सागरी मैल. म्हणजे जाताना वारा पाठीशी, येताना तोंडावर. शिडाच्या बोटीला वाऱ्याच्या तोंडात सरळ घुसता येत नाही, पंचेचाळीस अंशांच्या आसपास तिरकं धरून, कधी या अंगानं कधी त्या अंगानं, नागमोडी वर चढावं लागतं. जाणं सहल, येणं मजुरी. म्हणून परतीला भरती गाठायची, म्हणजे निदान पाणी तरी आपल्या बाजूचं. परत पाऊणपट.

आणि वाटेत डोल जाळी. बोंबील-जवळ्यासाठी कोळी धारेच्या दिशेनं तोंड करून मोठी पिशवीसारखी जाळी रोवतात. भरती-सुकतीच ती भरते. त्यांच्या खुंटांवर रात्री दिवा असेलच असं नाही. आमच्यातले काही यॉटवाले त्यांच्यावर खेकसतात, जणू समुद्र शर्यतीसाठी काढून ठेवलाय. त्यांना मी 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम दाखवते. मोटरबोटीनं शिडाच्या बोटीला वाट द्यावी हा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो. त्याच अठराव्या नियमात पुढं लिहिलंय की शिडाच्या बोटीनं मासेमारी चालू असलेल्या बोटीला वाट द्यावी. हौस पोटाला वाट देते. कायद्यात इतकी शहाणी ओळ मी क्वचित वाचली आहे. अर्थात न्हावाशेव्याच्या कंटेनर जहाजापुढं कुणीच नियम सांगत बसू नये. ते ठरलेल्या खोल वाटेबाहेर वळू शकत नाही आणि तुम्हाला बघून थांबूही शकत नाही. वीस मीटरहून लहान बोटीनं आणि शिडाच्या बोटीनं त्याच्या आड येऊ नये हाही नियमच आहे.

खांदेरीजवळ वारा पडला की मला नेहमी 1679 आठवतं. महाराजांनी बेटावर बांधकाम काढलं, इंग्रजांनी जहाजं आणून वेढा घातला, आणि थळहून मराठ्यांच्या छोट्या उथळ होड्या वल्ही मारत, रात्री, खडकांमधून रसद पोचवत राहिल्या. मोठ्या शिडांची जहाजं वाऱ्याविना बघत बसली. आमच्या बोटीत म्हणूनच दोन वल्ही कायम असतात. डॉक्टरांना इंजिन हवंय.

मोटर यॉटबद्दल माझं मत विचाराल तर वाईट नाही. एका परिचितांच्या यॉटचं सुकाणू धरायची संधी मिळाली आहे. दोन इंजिनं असतात, एक पुढं एक मागं टाकलं की पन्नास फुटी धूड जागच्या जागी फिरतं. ते करताना फार मजा येते. आमची बोट पाण्याला 16 फूट टेकते. अशा बोटीच्या जास्तीत जास्त वेगाचा ठोकताळा असा: 16 चं वर्गमूळ 4, गुणिले 1.34, म्हणजे साडेपाच नॉटच्या (तासाला साडेपाच सागरी मैलांच्या) आतच तिचा वेग. वारा कितीही असो, ती स्वतः उठवलेल्या लाटेच्या पुढं जाऊ शकत नाही. मोटर यॉट त्या लाटेवर चढून पाण्याच्या वरून घसरत जाते आणि त्या चढण्याची किंमत डिझेलमध्ये मोजते. पण तिचं दुखणं इंजिनापेक्षा मुंबईचं आहे. थंड करायला समुद्राचं पाणी ओढणाऱ्या नळीत प्लास्टिकची पिशवी अडकते, पाणी तुटतं, पंपातलं रबरी चाक जळतं, आणि लाखो रुपयांची वस्तू बुचर बेटासमोर बंद पडते. टाकी अर्धी ठेवली तर दमट हवेनं आत पाणी साचतं आणि डिझेलमध्ये शेवाळासारखा गाळ धरतो. तेव्हा तिला ओढून आणायला येते ती बहुतेक मच्छीमारांचीच बोट, तासाभराचा भाव आधी ठरवून.

कुणाला जुनी बोट घ्यायची हौस आलीच तर ऑक्टोबरात बघायला जाऊ नका. तेव्हा सगळ्याच बोटी रंगवलेल्या आणि तरंगत असतात. मे अखेरीस जा, ती कोरडी उभी असताना, आणि आपला मिस्त्री बरोबर न्या. त्याचा दिवस भरून द्या. मालकानं टोच्या लावायला हरकत घेतली तर चहा पिऊन परत या.

किंवा आमच्याकडे या. बँकवाल्यांचे गुडघे आता होडीतून बोटीत चढायला नाही म्हणतायत आणि त्यांचा हिस्सा विकायचा आहे. किंमत जुन्या स्कूटरपेक्षा जास्त आणि जुन्या मोटारीपेक्षा कमी. वर्षाचा खर्च मी आत्ता सांगत नाही, भेटल्यावर सांगेन. पोहता आलं पाहिजे. इंजिनाच्या वादात डॉक्टरांच्या बाजूनं मत देणार असाल तर तेही चालेल, मी हरेन. पण तांडेलांचा महिना दर एक तारखेला, नारळी पौर्णिमेला त्यांचा एक पगार जादा, आणि मिस्त्रींचं बिल घासाघीस न करता, हे बोटीच्या कागदांवर आधीच लिहिलेलं आहे आणि ते बदलायचं नाही.